पायथॉन अडतं, आर गप्प बसतं, स्टाटा ओळी गाळतं: फिक्स्ड इफेक्टवाल्या लॉजिस्टिकचं नेमकं दुखणं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ चा, महाराष्ट्राचा डेटा आहे. प्रत्येक बाईचं शेवटचं बाळंतपण ही एक ओळ. घरी झालं तर १, दवाखान्यात झालं तर ०. गरोदरपणात चार किंवा जास्त तपासण्या झाल्या असतील तर घरी बाळंत होण्याची शक्यता किती कमी होते, हे तुम्हाला लॉजिस्टिक रिग्रेशनने बघायचंय. गावागावांतला फरक मध्ये लुडबुडू नये म्हणून प्रत्येक क्लस्टरचा (सर्वेक्षणासाठी निवडलेल्या गावाचा किंवा वस्तीचा) फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे एकेक डमी (त्या क्लस्टरसाठी १, बाकीच्यांसाठी ० असं चल), घातलीत. पायथॉनने ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून हात टेकले. आरने एकही वॉर्निंग न देता उत्तर दिलं, पण शेकडो क्लस्टरचे सहगुणक उणे वीसच्या आसपास आणि स्टँडर्ड एरर हजारांत. स्टाटाने निम्म्याहून जास्त ओळी गाळल्या. गंमत म्हणजे तपासण्यांचा सहगुणक आर आणि स्टाटात तिसऱ्या दशांशापर्यंत सारखाच आला. उत्तर शोधताना सॉफ्टवेअरने किती फेऱ्या करायच्या ती मर्यादा वाढवूनही काही हललं नाही. गाइड म्हणताहेत, फिक्स्ड इफेक्ट काढून टाका. मग खरं कोणाचं?

तिघांचंही खरं आहे. तिन्ही सॉफ्टवेअर एकच गोष्ट सांगताहेत, फक्त प्रत्येकाची सांगायची तऱ्हा वेगळी. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर वापरावं, फेऱ्या किती द्याव्यात, या दिशेने शोधू नका. ज्या क्लस्टरमध्ये एकही बाळंतपण घरी झालेलं नाही, त्याच्या डमीला आकड्यात बसणारं उत्तरच नाही, हे मूळ दुखणं आहे.

लॉजिस्टिकच्या लॉग-लाइकलिहूडचा (मॉडेल डेटाला किती बसतं याच्या मापाचा) आकार एकाच बाजूने वाकलेला असतो. त्यात दोन-चार खोटी शिखरं नसतात. त्यामुळे चलं एकमेकांत अडकलेली नसतील तर दोनच शक्यता उरतात: एकतर एकमेव शिखर आहे आणि न्यूटनची पद्धत (फेरीफेरीने शिखराकडे सरकणारी) तिथे भराभर पोचते, किंवा शिखरच नाही आणि चढण अनंताकडे जात राहते. सुरुवातीचे आकडे बदलून बघणं, ऑप्टिमायझर बदलणं, हे उपाय इतर मॉडेलांत कामी येतात. इथे शिखर नसेल तर कुठूनही निघा, पोचायला जागा नाही. १९८४ मध्ये अल्बर्ट आणि अँडरसन यांनी ही विभागणी नीट मांडली. डेटात पूर्ण सेपरेशन (चलं ० आणि १ ला पूर्ण वेगळं करतात), अर्धवट सेपरेशन (काही ओळींपुरतंच तसं होतं) किंवा ओव्हरलॅप (दोन्ही मिसळलेले) यांपैकी एक असतं, आणि आकड्यात बसणारं उत्तर फक्त ओव्हरलॅप असेल तेव्हाच मिळतं. तुमचं प्रकरण अर्धवट सेपरेशनचं आहे.

आता ते ‘उणे वीस’ कुठून येतं ते बघू, कारण हे एकदा कळलं की असले आकडे दिसताक्षणी ओळखता येतात. सहा बाळंतपणांचा एक क्लस्टर घ्या, सहाही दवाखान्यात. बाकी चलं आणि इंटरसेप्ट क्षणभर बाजूला ठेवा. त्या क्लस्टरच्या डमीला खरं तर उणे अनंत व्हायचंय. न्यूटनच्या प्रत्येक फेरीत ती साधारण १ ने खाली सरकते, कारण उतार आणि वक्रता दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने शून्याकडे जातात आणि त्यांचा भागाकार १ राहतो. आरची सुरुवात ठरलेली आहे: शून्य असलेल्या ओळीला ते ०.२५ शक्यता देऊन निघतं. तिथून पहिल्या फेरीत −२.४३, मग −३.५२, −४.५५, −५.५६, आणि पुढे प्रत्येक फेरीला १ कमी. एकोणिसाव्या फेरीत −२०.५७. म्हणूनच लोकांच्या प्रबंधांतल्या टेबलांत १८.५७, १९.५७, २०.५७ असे जुळे आकडे सापडतात. त्या आकड्याचा गावाशी, बाईशी, कशाशीही संबंध नसतो. किती फेऱ्यांनंतर थांबलो, एवढंच तो सांगतो.

स्टँडर्ड एररचंही तसंच. ती प्रत्येक फेरीला सुमारे १.६५ पटीने वाढते. आर ती शेवटून दुसऱ्या फेरीच्या वजनांवरून काढतं, त्यामुळे सहा ओळींच्या क्लस्टरला −२०.५७ सोबत सुमारे ७,२०० मिळते आणि पी-व्हॅल्यू ०.९९८. तुमच्या टेबलात याच्या आसपासचे आकडे असणार. ती पी-व्हॅल्यू बघून ‘हा क्लस्टर महत्त्वाचा नाही’ असं कुणी लिहिलं, तर ते सपशेल चूक. हौक आणि डोनर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की परिणाम फार मोठा झाला की वॉल्ड चाचणीचा आकडा (सहगुणक भागिले स्टँडर्ड एरर) वाढायच्या ऐवजी उलटा घसरू लागतो.

मग आर गप्प का राहिलं? आर दर फेरीला डेव्हियन्स (मॉडेल डेटाला किती कमी बसतं याचं माप) किती बदलला ते बघतं. सगळी शून्यं असलेले क्लस्टर वीसेक फेऱ्यांनंतर डेव्हियन्समध्ये काहीच भर घालत नाहीत. बदल ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आर म्हणतं, झालं. ‘शक्यता ० किंवा १ झाली’ ही वॉर्निंग यायला शक्यता त्याहून कितीतरी खाली जावी लागते, −२०.५७ ला ती यायची वेळच येत नाही. म्हणजे कन्व्हर्ज न होणं (उत्तरावर स्थिर न होणं) हा त्रास खराच, पण खोटं कन्व्हर्ज होणं जास्त वाईट. पायथॉन अडलं ते एका अर्थी बरंच झालं. फेऱ्या वाढवून फरक का पडला नाही तेही यातून कळेल: आर मर्यादेमुळे थांबलंच नव्हतं.

एक तपशील राहिला. तुमचा संदर्भ क्लस्टर, म्हणजे ज्याची डमी घेतलेली नाही तो, स्वतःच सगळी शून्यं असलेला निघाला, तर इंटरसेप्ट उणे वीसला जातो आणि बाकीच्या चांगल्या क्लस्टरचे सहगुणक अधिक अठरा-एकोणीस दिसतात, सगळ्यांच्या स्टँडर्ड एरर हजारांत. टेबल बघून घाबरायला होतं. संदर्भ बदला, चित्र पालटतं. तपासण्यांचा सहगुणक दोन्हीकडे तोच राहतो.

तो तोच का राहतो? ज्या क्लस्टरमध्ये सगळी शून्यं आहेत तिथे तपासण्यांचा परिणाम काहीही धरा, क्लस्टरची स्वतःची डमी ‘इथे कुणीच घरी बाळंत होत नाही’ हे एकटीच समजावून देते. त्या क्लस्टरचं लाइकलिहूड १ होतं, सहगुणक काहीही असो. म्हणून तो ठेवला काय, गाळला काय, बीटा, म्हणजे तपासण्यांचा सहगुणक, बदलत नाही. स्टाटा ‘प्रेडिक्ट्स फेल्युअर परफेक्टली’ अशी टीप देऊन ते गाळतं आणि निदान किती ओळी गेल्या ते तरी सांगतं. स्टाटाच्या त्या टिपेखाली ‘अ‍ॅसइज’ पर्याय देऊन जबरदस्तीने सगळं ठेवायचा मोह होतो. त्यातून फक्त मशीन फिरत राहतं.

किती क्लस्टर असे जाणार याचा अंदाज आधीच करता आला असता. महाराष्ट्रात एनएफएचएस-५ नुसार दवाखान्यातली बाळंतपणं ९५ टक्क्यांच्या घरात आहेत. एका क्लस्टरमध्ये २२ घरं निवडली जातात. त्यातून तुमच्या निकषात बसणाऱ्या समजा सहा बायका निघाल्या. प्रत्येकीची घरी बाळंत होण्याची शक्यता ५ टक्के आणि एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तरी सहापैकी एकही घरी न होण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे जवळपास ७४ टक्के. प्रत्यक्षात घरची बाळंतपणं काही भागांत एकवटलेली असतात, त्यामुळे कोरड्या, म्हणजे सगळी शून्यं असलेल्या, क्लस्टरचं प्रमाण याहून वरच जाणार. बीटाबद्दल बोलायला उरतात ते फक्त मिश्र क्लस्टर, जिथे निदान एक बाळंतपण घरी आणि एक दवाखान्यात झालंय. त्यातही तपासण्यांचं चल आतल्या आत बदललं पाहिजे.

म्हणून मी कुणालाही मॉडेल चालवण्याआधी एक साधं टेबल काढायला सांगते: क्लस्टरनिहाय किती बाळंतपणं, किती घरी. मिश्र क्लस्टर किती, त्यांत बायका किती, ते कोणत्या जिल्ह्यांत आहेत. तुमचे मिश्र क्लस्टर बहुधा नंदुरबार, पालघर, गडचिरोली अशा भागांतून जास्त येतील. तसं असेल तर तुमचा निष्कर्ष ‘महाराष्ट्रातल्या बायका’ असा राहत नाही. ‘जिथे घरी बाळंत होणं अजून चालू आहे अशा वस्त्यांतल्या बायका’ असं लिहावं लागेल. हे काही वाईट नाही, उलट प्रश्न तिथलाच आहे. पण ते प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं.

आता दुसरी अडचण, जी तुम्ही विचारलेली नाही. समजा कोरडे क्लस्टर काढून टाकले, उरलेल्या क्लस्टरच्या डमी घालून मॉडेल चालवलं, सगळं छान कन्व्हर्ज झालं. तरी उत्तर फुगलेलं असतं. नेमन आणि स्कॉट यांनी १९४८ मध्ये हा मुद्दा मांडला: क्लस्टर वाढवत नेले तर डमीही तितक्याच वाढतात आणि प्रत्येक डमी मात्र त्याच चार-सहा ओळींवर उभी राहते. त्या डमींचा खडबडीतपणा बीटात झिरपतो. हा झिरपा किती असू शकतो ते दोन ओळींच्या गटात स्वच्छ दिसतं. समजा प्रत्येक क्लस्टरमध्ये दोनच बायका, एकीच्या चार तपासण्या झालेल्या, दुसरीच्या नाहीत. एक घरी आणि एक दवाखान्यात अशा ४० जोड्या. त्यातल्या ३० जोड्यांत तपासण्या न झालेली घरी बाळंत झाली, १० जोड्यांत तपासण्या झालेली. योग्य ऑड्स रेशो ३० भागिले १०, म्हणजे ३. डमी घालून साधं लॉजिस्टिक चालवा, बरोबर ९ येतो. म्हणजे ३ चा वर्ग होतो. वॉर्निंग नाही, काही नाही, आणि नमुना कितीही वाढवा, ९ चा ३ होत नाही. सहा-सात ओळींच्या गटात फुगवटा यापेक्षा बराच कमी, पण तो असतोच. तुमच्या आर आणि स्टाटाच्या उत्तरांचं एकमत झालंय ते या फुगलेल्या आकड्यावर.

याला रुळलेला उपाय कंडिशनल लॉजिट. त्याचा पाया अँडरसन यांनी १९७० मध्ये घातला आणि चेंबरलेन यांनी १९८० मध्ये पॅनल डेटासाठी (त्याच व्यक्तींच्या वारंवार घेतलेल्या नोंदींसाठी) तो मांडला. हा वर अल्बर्टसोबत आलेला अँडरसन नव्हे, नावातला घोळ बऱ्याच जणांचा होतो. विचार असा: क्लस्टरमध्ये किती बाळंतपणं घरी झाली हे दिलेलं धरायचं आणि विचारायचं, सहापैकी दोन घरी झाली, तर नेमक्या याच दोघी असण्याची शक्यता किती? सहांतून दोन निवडायच्या १५ पद्धती, त्यातली प्रत्यक्षात घडलेली एक. या भागाकारात क्लस्टरचा स्वतःचा परिणाम वर-खाली दोन्हीकडे येतो आणि कटून जातो. डमीच उरत नाहीत, म्हणून त्या अनंताकडे पळायचा प्रश्न नाही आणि फुगवटाही नाही. कोरडा क्लस्टर इथेही गळतो, कारण सहांतून शून्य निवडायची पद्धत एकच. वरच्या जोड्यांवर हे चालवलं की ३ च येतो.

आरमध्ये सर्व्हायव्हल पॅकेजातलं सीलॉजिट, स्टाटात सीलॉजिट किंवा एक्सटीलॉजिटला एफई पर्याय. तुमचे गट छोटे आहेत, त्यामुळे अचूक पद्धत काही क्षणांत चालेल. गट मोठे असते तर गोष्ट वेगळी: २०० जणींतून १०० निवडायच्या पद्धती ९ वर ५८ शून्यं लावावीत इतक्या होतात. सॉफ्टवेअर त्या एकेक मोजत बसत नाही, पुनरावर्ती सूत्राने बेरीज करतं, तरीही वेळ जातो. पण एवढा मोठा गट असेल तर डमी घातलेल्या साध्या लॉजिस्टिकचा फुगवटाच नगण्य असतो. म्हणून जिल्ह्याचे फिक्स्ड इफेक्ट घालणाऱ्याला मी कंडिशनल लॉजिटच्या मागे लावत नाही.

वजनांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आरच्या सीलॉजिटमध्ये अचूक पद्धतीला वजनं लागू होत नाहीत. स्टाटात वजन अख्ख्या गटाला लागतं. एनएफएचएसमध्ये एका क्लस्टरमधल्या सगळ्या बायकांचं वजन सारखंच असतं, त्यामुळे स्टाटाची ही अट इथे अडचणीची नाही. तुलना क्लस्टरच्या आतच होत असल्याने मी आधी वजनाशिवायचं उत्तर बघते आणि मग वजनासह. दोन्हींत मोठी तफावत असेल तर परिणाम जागोजागी वेगळा आहे असं समजायचं आणि त्यामागे लागायचं.

कंडिशनल लॉजिटची किंमतही आहे. क्लस्टरभर सारखं असलेलं चल, जसं ग्रामीण-शहरी, त्याचा सहगुणक मिळत नाही. आणि ‘चार तपासण्या झाल्या तर शक्यता १२ टक्क्यांवरून ५ वर येते’ अशा थाटाचं वाक्य लिहिता येत नाही, कारण क्लस्टरची पातळीच आपण कटवली. ऑड्स रेशोवर थांबावं लागतं. तुम्हाला शक्यतांत बोलायचं असेल किंवा गावपातळीची चलं हवी असतील, तर मुंडलाक यांची १९७८ ची युक्ती घ्या: क्लस्टरचा रँडम इंटरसेप्ट (क्लस्टरचे परिणाम एका समान वितरणातून आले असं धरणारा), आणि सोबत तपासण्यांची क्लस्टर-सरासरी हे वेगळं चल. मग तपासण्यांचा सहगुणक मुख्यतः क्लस्टरच्या आतली तुलना सांगतो आणि कोरडे क्लस्टरही मॉडेलमध्ये राहतात. लॉजिस्टिकमध्ये ही जुळणी साध्या रेषीय मॉडेलइतकी तंतोतंत नसते, आणि सहा जणींवरून काढलेली सरासरी डळमळीत असते. तरी कंडिशनल लॉजिटचा बीटा आणि हा बीटा शेजारी ठेवून बघण्यासारखे असतात. जवळ आले तर मी निश्चिंत होते. आरमध्ये त्यासाठी ग्लमर हे फंक्शन वापरणार असाल तर डिफॉल्ट लाप्लासवर (एकाच बिंदूवरच्या ढोबळ अंदाजावर) राहू नका, छोट्या गटांत आणि विरळ घटनेत ते कमी पडतं. क्वाड्रेचरचे बिंदू सात तरी द्या. तिथे येणाऱ्या ‘फेल्ड टू कन्व्हर्ज’ वॉर्निंगची जात वेगळी आहे. ती बऱ्याचदा नुसती अति-सावधगिरी असते आणि दोन-तीन ऑप्टिमायझर बदलून तेच उत्तर आलं तर पुढे जायला हरकत नसते.

फर्थची पद्धत (सहगुणक अनंताकडे पळू नयेत म्हणून दंड लावणारी) घाला, असा सल्ला तुम्हाला बहुतेक सगळेच देतील. डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये ती मांडली, २००२ मध्ये हाइन्झ आणि शेंपर यांनी सेपरेशनवर तिचा वापर दाखवला, आणि एखाद्या चलाच्या सेपरेशनवर ती फारच उपयोगी आहे. पण क्लस्टरच्या शेकडो डमींवर ती लावू नका. सहा शून्यांच्या क्लस्टरमध्ये फर्थ साधारणपणे अर्धं बाळंतपण घरी आणि अर्धं दवाखान्यात अशी भर घालते. अंदाज येतो सातांत अर्धा, म्हणजे ७ टक्के. एका क्लस्टरपुरतं हे बिनधोक वाटतं. समजा असे ३०० क्लस्टर असतील, तर न झालेली १५० घरगुती बाळंतपणं तुम्ही डेटात मिसळलीत. ज्या राज्यात घटना मुळातच ५ टक्के आहे तिथे ही भर झाकली जात नाही. मॉडेल सुरेख कन्व्हर्ज होतं, म्हणून तर लोक फसतात.

रेषीय मॉडेल, म्हणजे ० आणि १ ला सरळ रेषा लावून क्लस्टरचे फिक्स्ड इफेक्ट, हा अर्थशास्त्रवाल्यांचा आवडता रस्ता. तो अडत नाही. मात्र कोरड्या क्लस्टरचा अर्थ दोन्हीकडे वेगळा लागतो. लॉजिट म्हणतं, ‘त्या गावांतून मला काही कळलं नाही.’ रेषीय मॉडेल म्हणतं, ‘तिथे तपासण्या कमी-जास्त होत्या, बाळंतपणं सगळी दवाखान्यातच झाली, म्हणजे तिथे परिणाम शून्य,’ आणि हे शून्य सरासरीत मिसळतं. पुण्याच्या एखाद्या उपनगरात तपासण्या तीन झाल्या काय आणि आठ झाल्या काय, बाळंतपण दवाखान्यातच होणार, म्हणून राज्याची सरासरी सांगायची असेल तर ते शून्य धरणं रास्तच आहे. ज्या वस्त्यांत निवड अजून खुली आहे तिथला परिणाम हवा असेल तर ते शून्य उत्तर पातळ करतं. दोन्ही मॉडेलांचे आकडे जुळत नाहीत म्हणून एक चूक आहे असं समजू नका. मी दोन्ही देते आणि कोणता कोणासाठी ते लिहिते. रेषीय मॉडेलमध्ये काही अंदाज शून्याखाली जातील. सरासरी परिणामापुरतं मी त्याकडे काणाडोळा करते, बाईगणिक अंदाज हवे असतील तर ते मॉडेल वापरत नाही.

आता गाइडच्या म्हणण्याकडे येते. फिक्स्ड इफेक्ट काढावेत की नाही हे तुम्हाला कशापासून वाचायचंय यावर ठरतं. सातपुड्यातल्या पाड्याचा पावसाळ्यात तुटणारा रस्ता, उपकेंद्रातली नर्स राहायला आहे की नाही, आशाताई किती फिरते, या गोष्टी तपासण्यांवरही परिणाम करतात आणि घरी बाळंत होण्यावरही. त्या एनएफएचएसच्या प्रश्नावलीत नेमक्या पकडलेल्या नाहीत. क्लस्टर फिक्स्ड इफेक्ट काढलेत तर हा सगळा भार तपासण्यांच्या सहगुणकावर पडतो. मॉडेल चालत नाही म्हणून काढणं हे कारण पुरेसं नाही. राज्याच्या योजना आणि जिल्हा प्रशासन यांतले फरकच तेवढे वेगळे काढायचे असतील तर ३६ जिल्ह्यांचे फिक्स्ड इफेक्ट पुरतात आणि तिथे हा त्रास क्वचितच होतो.

पण क्लस्टरबद्दलच माझी एक शंका आहे, आणि ती संख्याशास्त्राची नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. एनएफएचएसच्या बाळंतपणाच्या जागेच्या प्रश्नात स्वतःचं घर आणि आईवडिलांचं घर असे वेगळे पर्याय आहेत, ते बघा. बाई मोजली गेली सासरच्या क्लस्टरमध्ये, आणि बाळंत झाली कदाचित दुसऱ्याच तालुक्यात. मग सासरच्या गावाचा फिक्स्ड इफेक्ट नेमकं काय धरून ठेवतोय? दवाखान्यात झालेल्या बाळंतपणांबाबत तर तो दवाखाना सासरजवळचा की माहेरजवळचा हे कळायचा मार्गच नाही. मी असते तर पहिलटकरणी वगळून एकदा मॉडेल चालवून बघितलं असतं. ओळी आणखी घटतील, पण क्लस्टरचा अर्थ तरी शाबूत राहील.

कोरडे क्लस्टर गेले, कंडिशनल लॉजिट घेतलं, तरी पुन्हा अडलं तर काय? तेव्हा बहुधा इतर चलांपैकी एखाद्यात सेपरेशन असतं. मिश्र क्लस्टरमध्ये थोड्याच बायका उरल्या की पदवीपर्यंत शिकलेल्यांत एकही घरी बाळंत झालेली नाही, असं सहज होतं. आरमध्ये डिटेक्ट-सेपरेशन नावाचं पॅकेज साध्या लॉजिस्टिकसाठी कोणता सहगुणक अनंताकडे जातोय ते मॉडेल न चालवताच सांगतं. कंडिशनलसाठी मात्र मिश्र क्लस्टरमध्येच हाताने क्रॉसटॅब काढावा लागतो. असं चल सापडलं तर ते काढून टाकू नका. ज्या चलाने घटना पूर्ण विभागली तेच सगळ्यांत जोरकस, आणि त्याला काढलं की बाकीचे सहगुणक डळमळतात. पदवी आणि बारावी एकत्र करण्याला आशयाचा आधार असेल तर करा. नसेल तर इथे फर्थसारखा दंड लावा, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल वॉल्डवरून न काढता प्रोफाइल लाइकलिहूडवरून काढा. एक बाजू अनंत आली तर तशीच छापा. ‘ऑड्स रेशो ०.२ पेक्षा कमी, खालची मर्यादा नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे.

आणि हे सगळं करण्याआधी डेटाच्या कोडकडे एकदा बघा. तपासण्यांच्या संख्येत ‘माहीत नाही’ला ९८ हा कोड असतो. तो तसाच राहिला तर ती बाई चार किंवा जास्त तपासण्यांच्या गटात जाऊन बसते. क्लस्टरभर सारखं असलेलं चल डमींसोबत घातलेलं असेल तर पायथॉन त्यामुळेही ‘सिंग्युलर’ म्हणू शकतं. वय आणि वयाचा वर्ग (वय गुणिले वय) एकत्र असेल तर वयातून सरासरी वजा करून घ्या. ही कारणं सेपरेशनपेक्षा कमी वेळा आढळतात, पण तपासायला पाच मिनिटं लागतात.

म्हणजे क्रम असा लावा: आधी कोड, मग मिश्र क्लस्टरचं टेबल, मग कंडिशनल लॉजिट, शेजारी मुंडलाक आणि रेषीय मॉडेल. प्रबंधाच्या टेबलाखाली एकूण क्लस्टर किती, मिश्र किती, त्यांत बायका किती, हे तीन आकडे लिहा. गाइडनाही हेच टेबल दाखवा. फिक्स्ड इफेक्ट ठेवायचे की नाही यावर नुसता वाद घालण्यापेक्षा त्यावर बोलणं सोपं जाईल. मिश्र क्लस्टर चाळीस-पन्नासच्या खाली निघाले तर क्लस्टर पातळीचा हट्ट मीही सोडेन आणि जिल्ह्यावर येईन. टेबल काढलंत की पहिलटकरणींसह आणि त्यांच्याविना असे दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.